न ऐकलेला आवाज : भाऊराव कोल्हटकर, फारिनेल्ली आणि नाट्यपदाची साक्ष

मराठी संगीत रंगभूमीचे पहिले मोठे गायक नट भाऊराव कोल्हटकर १३ फेब्रुवारी १९०१ रोजी वारले. तेव्हा त्यांचे वय अवघे ३७ होते. त्यानंतर पावणेदोन वर्षांनी, नोव्हेंबर १९०२ मध्ये, ग्रामोफोन कंपनीचा तंत्रज्ञ फ्रेड गैसबर्ग आपली यंत्रे घेऊन कलकत्त्यास आला आणि हिंदुस्थानी गायक-गायिकांचे आवाज या देशातच तबकडीवर उतरू लागले. गोहरजानचे गाणे त्याच मुक्कामात मुद्रित झाले. याच गैसबर्गने आपल्या भावासह त्याच वर्षाच्या वसंतात रोममध्ये, व्हॅटिकनच्या परिसरात, आलेस्सांद्रो मोरेस्की नावाच्या गायकाचे ध्वनिमुद्रण केले होते. बालवयात शस्त्रक्रिया करून ज्यांचा आवाज फुटू दिला जात नसे अशा ‘कास्त्रातो’ गायकांच्या इटालियन परंपरेतला मोरेस्की हा अगदी शेवटचा शिलेदार. त्या परंपरेतला एकल गायनाची ध्वनिमुद्रणे मागे ठेवून गेलेला तो एकटाच.

म्हणजे एका परंपरेचा अस्त यंत्राने टिपला आणि दुसऱ्या परंपरेचा उदय यंत्राच्या हातून थोडक्यात निसटला. भाऊरावांचे गाणे आज आपल्याला ऐकता येत नाही, बालगंधर्वांचे येते. या साध्या फरकामुळे आपल्या मनातला संगीत नाटकाचा इतिहास नकळत बालगंधर्वांपासून सुरू होतो आणि त्याआधीची पंचवीस वर्षे ‘पार्श्वभूमी’ या सदरात जाऊन पडतात. ज्याचे सर्व कर्तृत्व आवाजात होते आणि ज्याचा आवाजच उरला नाही, अशा कलावंताचा इतिहास लिहायचा कसा, हा प्रश्न संगीताच्या अभ्यासकाइतकाच साहित्याच्या अभ्यासकाचाही आहे. किंबहुना तो साहित्याच्या अभ्यासकाचाच अधिक आहे असे प्रस्तुत लेखात म्हणावयाचे आहे. हा प्रश्न युरोपात आधीच विचारला गेला आहे आणि त्याची उत्तरे शोधताना तेथील मंडळींनी कागद, यंत्र आणि चक्क हाडेही धुंडाळली आहेत. म्हणून आधी थोडे तिकडे जाऊन मग भाऊरावांकडे वळणे सोयीचे ठरेल.

१.

अठराव्या शतकातील इटालियन ऑपेराचा सर्वांत गाजलेला गायक म्हणजे फारिनेल्ली. मूळ नाव कार्लो ब्रोस्की. जन्म १७०५ मध्ये दक्षिण इटलीतील आंद्रिया येथे. वडील संगीताशी संबंधित, थोरला भाऊ रिक्कार्दो संगीतरचनाकार. नेपल्समध्ये निकोला पोर्पोरा या नामांकित गुरूकडे त्याची तालीम झाली. १७२० मध्ये, वयाच्या पंधराव्या वर्षी, तो नेपल्समध्ये प्रथम लोकांसमोर गायला. त्या प्रयोगाची संहिता मेतास्तासिओ या तरुण कवीची होती. हाच कवी पुढे व्हिएन्नाच्या दरबाराचा राजकवी झाला आणि अठराव्या शतकातील ऑपेरा-काव्याचा आदर्श मानला गेला. दोघांचा उदय एकाच वेळी झाला म्हणून मेतास्तासिओ पत्रांतून फारिनेल्लीला ‘जुळा भाऊ’ असे संबोधत असे.

पोपच्या राज्यात स्त्रियांना रंगमंचावर येण्याची बंदी होती. त्यामुळे रोममध्ये नायिकांच्या भूमिकाही पुरुषच करीत आणि कोवळ्या वयाच्या फारिनेल्लीनेही त्या केल्या. पुढे तो नायकांच्या भूमिकांकडे वळला, इटलीभर आणि व्हिएन्नात गाजला आणि १७३४ मध्ये लंडनला गेला. तेथे हँडेलच्या ऑपेराशी स्पर्धा करणाऱ्या सरदारांच्या कंपनीत तो तीन वर्षे गायला. १७३७ मध्ये स्पेनच्या राणीने त्याला माद्रिदला बोलावून घेतले. राजा पाचवा फिलिप दीर्घ विषण्णतेने ग्रासलेला होता. त्याच्यासाठी फारिनेल्ली रात्रीमागून रात्री खासगीत गात राहिला. सार्वजनिक रंगमंचावर तो पुन्हा कधी उभा राहिला नाही. वयाच्या बत्तिसाव्या वर्षी, सतरा वर्षांच्या कारकिर्दीनंतर, लोकांसाठीचे त्याचे गाणे संपले. दरबारात मात्र त्याचे वजन वाढत गेले. राजवाड्यातील ऑपेराची सारी व्यवस्था त्याच्याकडे आली. १७५० मध्ये त्याला कालात्राव्हा या सरदारसंघाचे मानाचे पद मिळाले. १७५९ मध्ये नवा राजा आला आणि फारिनेल्लीला निवृत्तिवेतन देऊन इटलीत परत पाठविण्यात आले. बोलोन्याजवळच्या आपल्या घरात तो १७८२ मध्ये वारला. १७७० मध्ये इंग्रज संगीतेतिहासकार चार्ल्स बर्नी आणि चौदा वर्षांचा मोत्सार्ट या दोघांनीही त्याची तेथे गाठ घेतली होती.

या आवाजाचा शोध तीन वाटांनी घेतला गेला. १९९४ मध्ये फारिनेल्लीवर एक चित्रपट निघाला. त्यासाठी एका पुरुष गायकाचा वरच्या पट्टीतला आवाज आणि एका गायिकेचा आवाज संगणकाने एकत्र गुंफून एक तिसराच आवाज तयार करण्यात आला. तो मोहक होता, पण तो यंत्राचा होता. २००६ मध्ये बोलोन्याच्या दफनभूमीतून फारिनेल्लीचे अवशेष बाहेर काढून तपासण्यात आले. हाडांनी त्याच्या उंचीविषयी आणि शस्त्रक्रियेच्या शरीरावरील परिणामांविषयी बरेच सांगितले. गाण्याविषयी काहीच नाही. तिसरी वाट कागदाची. क्वान्ट्झ या जर्मन संगीतज्ञाने १७२० च्या दशकात त्याला ऐकून त्याच्या आवाजाचा खालचा स्वर कोणता, वरचा कोणता, कंप कसा, तान किती सहज, हे नेमक्या शब्दांत नोंदवून ठेवले. शिवाय १७५३ मध्ये फारिनेल्लीने सम्राज्ञी मारिया थेरेसा हिला एक हस्तलिखित भेट पाठविले. त्यात काही गीतांच्या स्वरलेखनाबरोबर तो स्वतः घेत असे ती अलंकरणेही लिहिलेली आहेत. ते हस्तलिखित व्हिएन्नात आजही आहे. यंत्र आणि हाडे जेथे थांबली तेथे कागद बोलला. हे सूत्र घेऊन आता भाऊरावांकडे वळू.

२.

लक्ष्मण बापूजी ऊर्फ भाऊराव कोल्हटकर यांचा जन्म ९ मार्च १८६३ रोजी बडोदे येथे झाला. तरुणपणी ते बडोद्यात कारकुनाची नोकरी करीत होते. गोड आणि उंच आवाजाचा हा देखणा तरुण अण्णासाहेब किर्लोस्करांच्या मंडळीत दाखल झाला तो १८८२ च्या सुमारास. त्याआधी, ३१ ऑक्टोबर १८८० रोजी, पुण्यात आनंदोद्भव नाटकगृहात ‘संगीत शाकुंतला’चा पहिला प्रयोग झालेला होता. मोरोबा वाघोलीकर आणि बाळकोबा नाटेकर हे दोन कसलेले गायक नट मंडळीत होते. शकुंतला होत शंकरराव मुजुमदार. १८ नोव्हेंबर १८८२ रोजी ‘सौभद्रा’चा पहिला प्रयोग झाला आणि त्यात सुभद्रा झाले ते भाऊराव. शकुंतलेची भूमिकाही पुढे त्यांच्याकडेच आली.

प्रतिष्ठित घरातल्या तरुणाने सरकारी नोकरी सोडून नाटकमंडळीच्या बिऱ्हाडात राहणे आणि लुगडे नेसून लोकांपुढे उभे राहणे ही त्या काळी सोपी गोष्ट नव्हती. पण सुभद्रेने त्यांना महाराष्ट्रभर घरोघरी नेऊन पोचविले. प्रेक्षक त्यांना प्रेमाने ‘भावड्या’ म्हणत, आणि ज्याला एकेरी हाक मारण्याचा अधिकार प्रेक्षकच परस्पर घेऊन टाकतात असा नट रोज जन्माला येत नाही. २ नोव्हेंबर १८८५ रोजी अण्णासाहेब वारले. मंडळी फुटेल अशी स्थिती होती. ती फुटली नाही याच्या कारणांत भाऊरावांच्या गाण्याची ओढ हे एक मोठे कारण धरले पाहिजे. गोविंद बल्लाळ देवलांसारखा तालीममास्तर आणि नाटककार मंडळीला लाभला आणि देवलांच्या ‘मृच्छकटिका’त भाऊरावांची वसंतसेना उभी राहिली. पुढे वय वाढू लागले तसे तेही पुरुषभूमिकांकडे वळले. श्रीपाद कृष्ण कोल्हटकरांचे ‘वीरतनय’ १८९६ मध्ये किर्लोस्कर मंडळीने रंगभूमीवर आणले तेव्हा नायक शूरसेन भाऊराव होते. त्यानंतर पाच वर्षांतच ते गेले.

दोन आयुष्यांचा आराखडा येथपर्यंत आश्चर्य वाटावे इतका जुळतो. दोघांची लोकांसमोरची कारकीर्द सतरा-अठरा वर्षांची, दोघांची सुरुवात स्त्रीभूमिकांनी, शेवट नायकाच्या भूमिकांत, आणि दोघांच्याही पाठीशी त्यांच्याच बरोबर मोठा होत गेलेला नाट्यकवी. दोन्ही नाट्यप्रकारांचे मूळही सारखेच उलटे आहे. इ.स. १६०० च्या सुमारास फ्लॉरेन्समधील काही विद्वानांना ग्रीक शोकात्मिका तिच्या मूळ संगीतासह पुन्हा उभी करायची होती. त्यातून ऑपेरा निघाला. अण्णासाहेबांना कालिदास मराठीत गाता करायचा होता. त्यातून संगीत नाटक निघाले. दोन्हीकडे हेतू होता प्राचीन नाट्यकाव्याला न्याय देण्याचा, आणि दोन्हीकडे शंभरेक किंवा तीसेक वर्षांत सिंहासनावर बसला तो गायक.

परंतु साम्य येथेच थांबवले पाहिजे. फारिनेल्लीचा आवाज ही एका बालकाच्या शरीरावर, त्याच्या जाणत्या संमतीवाचून, केलेल्या कृत्याची निष्पत्ती होती. अशी कितीतरी मुले त्या काळात गाण्याच्या आशेने कायमची अपंग झाली आणि त्यांतली बहुतेक कधीच गाजली नाहीत. भाऊरावांचा आवाज हा प्रौढ पुरुषाचा नैसर्गिक आवाज होता. स्त्रीभूमिका हा त्यांनी पत्करलेला वेष होता. आपल्याकडील स्त्रीपार्टी नटाला ‘मराठी कास्त्रातो’ म्हणण्याचा मोह चमकदार असला तरी तो दोघांवरही अन्याय करतो. दोन्हीकडे सारखी होती ती मंचावरील स्त्रीची अनुपस्थिती. तिच्याकडे आपण पुढे येऊच.

३.

आता मूळ प्रश्न. भाऊराव गात कसे होते?

समकालीनांच्या आठवणी आपल्याला विशेषणे देतात. आवाज गोड, उंच, पल्लेदार, तान चपळ, गळा हलका. ध्वनिक्षेपक नसलेल्या नाटकगृहात शेवटच्या पिटापर्यंत स्वर स्वच्छ पोचत असे, एवढे त्यांतून निश्चित होते. पण क्वान्ट्झने फारिनेल्लीविषयी जे केले ते येथे कोणी केले नाही. पट्टी कोणती, वरचा स्वर कोठपर्यंत, तानेची जात कोणती, हे नोंदविण्याची सवय आपल्या रसिकवर्गाला नव्हती, कारण ती नोंदविण्याची लिपी अजून घडत होती. योगायोग असा की ती घडत होती भाऊरावांच्याच जन्मगावी. बडोद्यात मौलाबक्षांची गायनशाळा १८८६ मध्ये सुरू झाली आणि तेथे स्वरलेखनाचा पद्धतशीर उपयोग होऊ लागला. पुण्यात गायन समाज १८७४ मध्येच स्थापन झाला होता. विष्णु दिगंबर पलुसकरांचे गांधर्व महाविद्यालय लाहोरला सुरू झाले ते ५ मे १९०१ रोजी, भाऊरावांच्या निधनानंतर तीन महिन्यांच्या आत. तबकडी आणि स्वरलिपी, दोन्ही दारात येऊन उभ्या असताना हा गायक निघून गेला.

तरीही आपले हात रिकामे नाहीत. भाऊरावांसाठी लिहिली गेलेली, त्यांनी वर्षानुवर्षे गायलेली पदे छापलेली आहेत. अडचण एवढीच की आपण ती ‘काव्य’ म्हणून वाचतो आणि काव्य म्हणून ती बरीचशी सामान्य वाटतात. कल्पना साध्या, यमके ओढूनताणून आणलेली, शब्द कधी कधी केवळ मात्रा भरण्यासाठी. अनेक समीक्षकांनी नाट्यपदांना अशीच गुणपत्रिका दिली आहे. पण हे पद भावगीतासारखे डोळ्यांनी वाचण्यासाठी लिहिलेलेच नाही. आमच्या पेणचे उदाहरण घ्यायचे तर, गणपतीच्या कारखान्यात साचा सगळ्यांना सारखाच असतो. मूर्तीला जीव येतो तो डोळ्यांच्या आखणीने, आणि ती करणारा हात नेहमी कारखान्यातला सर्वांत जाणता हात असतो. भाद्रपदात मूर्ती पाण्यात जाते, साचा फडताळावर राहतो. छापील पद हा असा साचा आहे. त्याला मूर्ती समजून नाके मुरडण्यापेक्षा, या साच्यातून काय निघत असेल याचा अंदाज घेणे अधिक शहाणपणाचे.

हा अंदाज तीन बाजूंनी घेता येतो.

पहिली बाजू संख्येची. ‘शाकुंतला’त पदांची संख्या दोनशेच्या घरात आहे. ‘सौभद्रा’त ती शंभराहून थोडी अधिक आहे. १९११ मध्ये आलेल्या खाडिलकरांच्या ‘मानापमाना’त ती पन्नासच्या आसपास उतरते. तीस वर्षांत पदे चौथाईवर आली. यावरून कोणी असा निष्कर्ष काढेल की संगीत कमी झाले. झाले उलटेच. प्रयोगातला संगीताचा वेळ काही घटला नाही, मग पदे घटली याचा अर्थ एकेका पदाचा वेळ वाढला. ‘शाकुंतला’तले पद बहुतांशी कथानक पुढे नेते, साकी, दिंडी, ओवी यांसारख्या, कीर्तन आणि आख्यानातून आलेल्या, भरपूर शब्द वाहणाऱ्या रचना तेथे मोठ्या प्रमाणावर आहेत. अशा रचनेत गायकाला थांबायला जागा नसते. पुढे पद छोटे होते, शब्द विरळ होतात, आणि त्या विरळ जागेत गायक शिरतो.

ही वाट ऑपेरानेही चोखाळली आहे. सतराव्या शतकाच्या उत्तरार्धातील इटालियन ऑपेरांत लहान लहान गीतांची संख्या मोठी असे. मेतास्तासिओच्या काळात गीते मोजकी झाली आणि प्रत्येक गीत लांबले. त्याच्या गीताला दोन लहान कडवी असत. पहिले गाऊन झाले की दुसरे, आणि मग पुन्हा पहिले. ही पुनरावृत्ती कवीसाठी निरर्थक, कारण नवा शब्द एकही नाही. गायकासाठी मात्र तीच सर्वस्व, कारण दुसऱ्या खेपेस स्वर जसेच्या तसे घ्यायचे नसतात, सजवून घ्यायचे असतात. आपल्याकडे ध्रुपदाकडे पुन्हा पुन्हा येणे आणि वर प्रेक्षकांचा ‘वन्स मोअर’ यांनी हेच काम केले. मरणासन्न पात्रालाही ‘वन्स मोअर’साठी उठवणारा प्रेक्षक आपण विनोदाचा विषय केला आहे. पण त्या हाकेचा अर्थ असा की प्रेक्षकाला गोष्ट आधीच ठाऊक होती. सुभद्रा अर्जुनाची होणार हे त्याला शेंबड्या वयापासून माहीत होते. तो आला होता ती आज कशी गाते हे ऐकायला.

शाकुंतल आणि मानापमान या दोन टोकांच्या मध्ये भाऊरावांची अठरा वर्षे येतात. शब्दप्रधान पदाकडून स्वरप्रधान पदाकडे जाण्याची वळणाची जागा हीच. हे सारे श्रेय एकट्या भाऊरावांचे असे म्हणता येणार नाही. बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांसारख्यांमुळे ग्वाल्हेरची गायकी महाराष्ट्रात रुजत होती, बैठकीच्या गाण्याचा कान तयार होत होता, आणि ‘वीरतनया’पासून श्रीपाद कृष्णांनी पारशी रंगभूमीच्या वळणाच्या चाली आणल्या. पण प्रेक्षकाला पदासाठी थांबण्याची, कथानक खोळंबले तरी चालेल असे मानण्याची सवय लावली ती प्रत्यक्ष मंचावरच्या गळ्याने. बालगंधर्व १९०५ मध्ये किर्लोस्कर मंडळीत आले ते अशा तयार प्रेक्षकापुढे. तो प्रेक्षक भावड्याने घडवलेला होता.

दुसरी बाजू वाटपाची. कोणत्या पात्राला किती पदे, कोणत्या जातीची, आणि अंकात कोठे, हे पाहावे. ज्या पात्राला साक्या-दिंड्याच अधिक, त्याचा नट शब्द स्वच्छ टाकणारा असावा. ज्या पात्राला आकारान्त, ईकारान्त ओळींची, दीर्घ स्वरांवर रेंगाळणारी पदे, त्याचा नट तानेचा. मंडळीसाठी लिहिणारा नाटककार समोरच्या नटांचे गळे ओळखून लिहीत असे. मेतास्तासिओचा काळही याला अपवाद नव्हता. त्यामुळे ‘शाकुंतला’तील शकुंतलेची आणि ‘सौभद्रा’तील सुभद्रेची पदे शेजारी ठेवून वाचणे हा उत्तम अभ्यास ठरेल. पहिली लिहिताना मंडळीत भाऊराव नव्हते. दुसरी रंगभूमीवर आली तेव्हा होते. सुभद्रेच्या रुसव्याला, विरहाला आणि संशयाला जेवढी गायनाची जागा मिळाली आहे तेवढी केवळ कथानकाची गरज म्हणून मिळाली असे म्हणणे कठीण आहे.

तिसरी बाजू चालीची. जुन्या आवृत्त्यांत पदाच्या डोक्यावर एक ओळ असते : राग, ताल, आणि ‘चाल’ म्हणून कोठल्या तरी दुसऱ्या गाण्याचे पहिले शब्द. ही ओळ विद्यार्थी सोडून देतात आणि पुष्कळदा नव्या आवृत्त्याही. खरे तर तीच पदाची वंशावळ आहे. कानडी गाणी, लावण्या, कीर्तनातली पदे, हिंदुस्थानी चिजा आणि ठुमऱ्या यांच्या त्या खुणा आहेत. पद मराठी, वृत्त मराठी, पण स्वरांचा सांगाडा कर्नाटकापासून उत्तर हिंदुस्थानापर्यंत कोठूनही आलेला. एकोणिसाव्या शतकातील मराठी माणसाच्या कानावर काय काय पडत होते याचा इतका दाट पुरावा दुसऱ्या कोणत्याही वाङ्मयप्रकारात नाही.

४.

याच चालीच्या ओळीपाशी मघाशी राहिलेला प्रश्न पुन्हा उभा राहतो. ती ओळ मूळ गाण्याचे शब्द सांगते. ते गाणे कोणाच्या तोंडी होते ते सांगत नाही. लावणी आणि ठुमरी या प्रामुख्याने गाणाऱ्या-नाचणाऱ्या स्त्रियांनी जतन केलेल्या आणि वाढविलेल्या गोष्टी. त्यांच्या चाली प्रतिष्ठित रंगमंचावर आल्या. त्या स्वतः आल्या नाहीत. ‘मानापमाना’च्या वेळी गोविंदराव टेंब्यांनी पूरब अंगाच्या ठुमरीचे वळण नाट्यपदात आणले तेव्हाही स्थिती तीच होती. म्हणजे मराठी मध्यमवर्गाने स्त्रीचा स्वर ऐकला, पण तो पुरुषाच्या गळ्यातून गाळून. सुभद्रेची भूमिका भाऊरावांनी कितीही समरसून केली असली तरी त्या यशाच्या पाठीमागे हे मौन आहे. ते त्यांच्यावरचा आरोप म्हणून नव्हे, तर इतिहासाचा भाग म्हणून नोंदविले पाहिजे. १९२० च्या दशकात हिराबाई बडोदेकर रंगमंचावर उभ्या राहून गाऊ लागल्या तेव्हा हे मौन भंगू लागले, पण त्याला ‘सौभद्रा’नंतर चाळीस वर्षे जावी लागली.

या बाबतीत इटली आपल्याहून वेगळी होती. बंदी रोमची होती, साऱ्या इटलीची नव्हती. व्हेनिस, नेपल्स, लंडन येथे फाउस्तिना बोर्दोनी आणि फ्रान्चेस्का कुत्सोनी यांच्यासारख्या गायिका कास्त्रातींच्या बरोबरीने गात होत्या आणि मानधनात व भांडणांत त्यांच्या मागे नव्हत्या. आपल्याकडे हा शेजार भाऊरावांच्या वाट्याला आलाच नाही. समोर नायिका स्त्री असती तर त्यांनी कोणते गाणे केले असते, याची कल्पनाही आपल्याला करता येत नाही.

५.

ध्वनिमुद्रण असते तर हे सारे प्रश्न सुटले असते काय? मोरेस्कीच्या तबकड्या ऐकणारा प्रत्येक जण आधी थोडा गोंधळतो. तो चर्चमध्ये गाणारा, एकोणिसाव्या शतकाच्या रुचीत वाढलेला गायक होता. त्याच्यावरून फारिनेल्लीची कल्पना करणे म्हणजे ओसरीवरून वाड्याचा अंदाज बांधणे. बालगंधर्वांच्या ध्वनिमुद्रिका त्यांच्या स्वरलगावाची अमोल साक्ष देतात, पण नाटकगृहात मनमुराद रंगत जाणारे पद तबकडीवर तीन-साडेतीन मिनिटांत कोंबलेले असते. तेथे ना समोरचा प्रेक्षक, ना ‘वन्स मोअर’, ना पदाआधीचा संवाद. ध्वनिमुद्रण हाही शेवटी एक साचाच. थोडा अधिक तपशिलाचा, इतकेच. म्हणून ज्यांची तबकडी नाही त्यांचा इतिहास लिहिता येत नाही हे म्हणणे जितके चूक, तितकेच ज्यांची तबकडी आहे त्यांचा इतिहास लिहून झाला हे म्हणणेही चूक.

हा विषय साहित्याच्या वर्गात आणावा असे आम्हांस वाटते ते यासाठी. संगीत नाटक अभ्यासक्रमात लागते तेव्हा आपण कथानक, स्वभावरेखा, संवाद, विनोद, सामाजिक आशय अशा खणांत ते वाटून देतो आणि ‘संगीत’ या मथळ्याखाली एक परिच्छेद लिहून मोकळे होतो. प्रश्नपत्रिकाही तसेच विचारते. परिणामी विद्यार्थी पदे ओलांडून पुढचा संवाद गाठतो, आणि ‘संगीत’ हे बिरुद नावात मिरविणारे नाटक गद्य नाटकासारखे वाचून संपवतो. असे वाचले तर ‘सौभद्र’ ही एक गमतीदार लग्नघटना उरते. पन्नास वर्षे लोक बैलगाड्या जुंपून ते पुन्हा पुन्हा पाहायला का जात होते याचे उत्तर त्या वाचनात सापडत नाही.

उपाय अवघड नाही आणि त्यासाठी कोणाला गाता येण्याचीही गरज नाही. एखाद्या संगीत नाटकाची जुनी आवृत्ती घ्यावी. पदे मोजावीत. कोणत्या पात्राला किती, कोणत्या जातीची, अंकाच्या कोणत्या टप्प्यावर, याचा तक्ता करावा. चालीच्या ओळी वेगळ्या उतरवून काढाव्यात आणि त्या किती भाषांतून, किती गानप्रकारांतून आल्या ते पाहावे. मग पहिल्या प्रयोगातील नटांची नावे शोधून त्या तक्त्याशेजारी लिहावीत. कोकणात गावोगावच्या उत्सवांत हौशी मंडळी पिढ्यान्‌पिढ्या ‘सौभद्र’ करीत आली आहेत. त्यांच्या जीर्ण प्रती अजून कोणाच्या माळ्यावर असतील तर त्यांत पेन्सिलीने कोणती पदे गाळली आहेत तेही पाहावे. गाळलेले प्रत्येक पद सांगत असते की हे गायला तेवढा गळा आमच्याकडे नव्हता. जे गळ्यांना पेलले नाही त्यावरून ज्याला ते पेलत होते त्याची उंची मोजता येते.

फारिनेल्लीने आपली अलंकरणे स्वतः लिहून सम्राज्ञीकडे पाठविली. त्याला तशी लिपी होती आणि तसा आश्रयही. भाऊरावांना दोन्ही नव्हते. त्यांचा सारा दस्तऐवज दुसऱ्यांनी लिहिलेल्या शब्दांत, शब्दांमधल्या मोकळ्या जागांत आणि पदाच्या डोक्यावरच्या एका दुर्लक्षित ओळीत विखुरलेला आहे. तो वाचणे हे संगीतशास्त्र्यांचे काम म्हणून आपण सोडून दिले, तर ते कोणीच करणार नाही, कारण तो छापील मराठीत आहे आणि छापील मराठी वाचणे हा आपला व्यवसाय आहे.